रेघ कोण तपासतं?

नीट-पीजीच्या काउन्सेलिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या की अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजातल्या पोरापोरींचे मेसेज यायला लागतात. 'मॅडम, रेडिएशन ऑन्कोलॉजी मिळतंय, घेऊ का?' त्याच्या मागोमाग दुसरा, 'अमुक कॉलेजला नवीन लिनॅक आलंय म्हणे, तिथं टाकू का?' लिनॅक म्हणजे रेडिएशन देणारं आधुनिक मशीन. रेडिओलॉजीच्या जागा बघता बघता संपतात, आमच्या शाखेच्या मात्र शेवटच्या फेरीपर्यंत शिल्लक राहतात. घरच्यांना तर या दोन शाखांतला फरकही ठाऊक नसतो: रेडिओलॉजी फोटो काढून आजार शोधते, आमची शाखा रेडिएशननं कॅन्सरवर उपचार करते. मी एमडीला लागले तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळ्यांची खात्री झाली होती की पोरगी आता सोनोग्राफी करणार.

या पोरांना मी एकच सांगते. मशीन कोणतं ते नंतर विचार. आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठ आणि विचार, की तू काढलेलं कॉन्टूर, म्हणजे सीटीवर आजाराभोवती ओढलेली रेघ, कोण तपासतं, तपासताना तुला शेजारी बसवतात का, आणि ब्रॅकीचा, म्हणजे शरीराच्या आतून रेडिएशन देण्याचा, ॲप्लिकेटर तुझ्या हातानं बसवायला देतात का. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर जुन्या मशीनचं कॉलेजसुद्धा बिनधास्त घे. उत्तर देताना रेसिडेंट अडखळला, तर लिनॅकच्या चकचकीत फोटोंवर जाऊ नकोस.

हे एवढं ठासून का सांगते, त्यासाठी आमचं काम काय असतं ते सांगावं लागेल. बाहेर असा समज आहे की मशीन शेक (म्हणजे रेडिएशन) देतं आणि डॉक्टर बटण दाबतो. बटण टेक्नॉलॉजिस्ट दाबतात. डोस कुठून कसा सोडायचा याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट मांडतात. डॉक्टरचं खरं काम त्याच्याही आधीचं. सीटीच्या एकेका कापावर, वरपासून खालपर्यंत, माउसनं रेघ ओढून सांगायचं की आजार इथून इथपर्यंत दिसतोय, इथपर्यंत लपलेला असू शकतो, आणि या अवयवांना जपायचं. पुढचं सगळं त्या रेघेवर चालतं. मशीन कितीही महागडं असो, ते त्या रेघेबाहेरचं काही जाणत नाही.

आमच्या ओपीडीत रोज दिसणारा पेशंट घ्या. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, गुटखा नाहीतर तंबाखू-चुना गालात धरून ठेवायची सवय, गालाच्या आतून कॅन्सर. ऑपरेशन झालंय, आता सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, तीस बैठकींत मिळून 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) द्यायचे. रेघ मागच्या बाजूला तोकडी पडली तर आजार चावण्याच्या स्नायूंच्या मागे, जबड्याच्या वरच्या खोल जागेत पुन्हा डोकं काढतो, आणि तिथं सर्जनचाही हात सहजी पोचत नाही. रेघ उगाच ऐसपैस ओढली तर पलीकडच्या बाजूची लाळग्रंथी जाते. तिला सरासरी 26 ग्रेच्या आत ठेवायचं असतं, नाहीतर तो माणूस पुढं जन्मभर भाकरीचा प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवतो. मज्जारज्जू 45 ग्रेच्या आत राखायचा. आमच्याकडं शेताचा बांध वीतभर सरकला तर भावकीत कोर्टकचेऱ्या होतात. इथं पाच मिलिमीटरवर माणसाचं आयुष्य ठरतं, आणि मोजणीला कुणी येत नाही.

2010 साली डोक्या-मानेच्या कॅन्सरवरच्या ट्रॉग 02.02 या आंतरराष्ट्रीय चाचणीचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. चाचणी एका औषधाची होती आणि त्या औषधाचा फायदा काही दिसला नाही. पण त्यात भाग घेतलेल्या केंद्रांचे रेडिएशनचे प्लॅन बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासले होते. ज्यांचे प्लॅन सुरुवातीपासून नीट होते, त्यांच्यातले 70 टक्के पेशंट दोन वर्षांनी जिवंत होते. ज्यांच्या प्लॅनमध्ये घातक त्रुटी राहून गेल्या होत्या, त्यांच्यातले 50 टक्के. शंभरात वीस माणसांचा फरक. कॅन्सरच्या एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक पाडला तर त्याची पहिल्या पानावर बातमी येते. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या केंद्रांनी पाचपेक्षा कमी पेशंट दिले होते, तिथं अशा मोठ्या त्रुटी जवळपास 30 टक्के प्लॅनमध्ये निघाल्या. ज्यांनी वीस किंवा जास्त दिले, तिथं 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हात चालता असला, रोज केलेलं रोज कुणी तपासलं, तरच हे काम जमतं. नुसतं पुस्तक वाचून ते येत नाही.

माझं एमडी मराठवाड्याबाहेर झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आता तिथली माणसंही बदलली आहेत. तेव्हा तिथं एकच कोबाल्ट मशीन होतं. कोबाल्ट-60 ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. आमचा सोर्स, म्हणजे मशीनमधला किरणोत्सर्गी कोबाल्ट, जुना झालेला, त्यामुळं प्रत्येक पेशंटला टेबलावर जास्त वेळ लागायचा आणि रांग संध्याकाळपर्यंत लांबायची. कोबाल्टविषयी मला राग नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तयार केलेल्या भाभाट्रॉन या कोबाल्ट मशीननं देशात हजारो गरिबांना उपचार दिले आहेत, आणि कोबाल्टवर शिकलेला रेसिडेंट फिल्ड, अंतर, खोली यांचा विचार स्वतःच्या डोक्यानं करायला शिकतो.

खरी अडचण ब्रॅकीची होती. ब्रॅकीथेरपीत इरिडियम-192 चा तांदळाएवढा सोर्स आजाराच्या जागी थेट आत नेऊन ठेवतात. इरिडियमची ताकद 74 दिवसांत अर्ध्यावर येते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा सोर्स मागवावा लागतो. ती खरेदीची फाइल कुठल्या तरी टेबलावर अडकली की सोर्स मंदावत जातो आणि शेवटी ब्रॅकी बंद होते. माझ्या दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग असाच गेला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पाच आठवडे शेक घेऊन संपवायच्या आणि त्यांच्या हातात दुसऱ्या शहराची चिठ्ठी पडायची. त्यातल्या काही तिथं पोचायच्याच नाहीत. आमच्या आधीच्या बॅचमधले काही जण ॲप्लिकेटर स्वतःच्या हातानं एकदाही न बसवता तज्ज्ञ झाले. पदवीच्या कागदावर हे कुठंही दिसत नाही. लॉगबुक भरलेलं होतं, सह्या होत्या.

ब्रॅकी बंद असल्यानं वाचलेला वेळ शिकण्यात जायला हवा होता. तो महात्मा फुले योजनेच्या प्रीऑथमध्ये, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीच्या कागदपत्रांत जायचा. त्या योजनेविषयी माझ्या मनात आदरच आहे, तिच्यामुळं ऊसतोड्याच्या घरातलं माणूस रेडिएशन पूर्ण करू शकतं. पण बायोप्सीचा रिपोर्ट स्कॅन करणं, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवत बसणं, पेशंटचा टेबलावरचा फोटो अपलोड करणं हे एमडीच्या विद्यार्थ्याचं काम नव्हे. त्याच वेळी आतल्या खोलीत फिजिसिस्ट एखाद्या अवघड मेंदूच्या ट्यूमरचा प्लॅन लावत असायचे आणि ते बघायला आमच्यापैकी कुणीही नसायचं.

तरीही मी शिकले, त्याचं कारण आमच्या युनिटचे सर. ओपीडी संपली की ते प्लॅनिंगच्या खोलीत यायचे, आणि रेसिडेंटनं काढलेली रेघ न पुसता तिच्यावर लाल रंगानं स्वतःची रेघ ओढायचे. दोन्ही रेघा पडद्यावर एकत्र दिसायच्या. मग प्रत्येक ठिकाणी फरक का, ते आम्हालाच विचारायचे. एकदा माझ्या बॅचच्या मुलानं गालाच्या कॅन्सरचं कॉन्टूर काढून ठेवलं होतं, दिसायला अगदी देखणं. सरांनी पडद्याकडं बघण्याआधी त्याला विचारलं, "तोंडात बोट घातलं होतंस का?"

"हो सर."

"कडक कुठपर्यंत लागलं?"

"शेवटच्या दाढेच्या मागं, सर. तोंड पूर्ण उघडत नव्हतं."

"तोंड उघडत नाही म्हणजे स्नायूत गेलंय. मग तुझी रेघ दाढेपाशी का थांबली?"

सगळे गप्प. सरांनी पेशंटला वॉर्डातून परत बोलावलं, आम्हा सगळ्यांना हातमोजे घालायला लावले आणि एकेकाला बोटानं तपासायला लावलं. मग तीच जागा सीटीवर दाखवली. रेडिएशनची रेघ ओपीडीत पेशंटच्या गालावर सुरू होते, हे मला त्या दुपारी कळलं. आज माझ्याकडं कुणी नुसत्या रिपोर्टवरून कॉन्टूर काढून आणलं, तर मी ते बघत नाही. आधी पेशंट दाखव म्हणते.

ब्रॅकी शिकण्यासाठी सरांनी खटपट करून आम्हाला तिसऱ्या वर्षी एका मोठ्या संस्थेत पाठवलं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला टेबलासमोर उभं केलं. पेशंटला पाठीतून भूल दिलेली होती. पाच आठवड्यांच्या शेकानं गाठ आक्रसली होती आणि गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र कुठंच दिसत नव्हतं. साउंड म्हणजे गर्भाशयाची लांबी मोजायची बोथट सळई. ती माझ्या हातात, आणि माझ्या मनगटाखाली मॅडमचा हात. "ढकलायचं नाही. हात हलका ठेव, सरकेल तिकडं सरकू दे." जोर लावला तर गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाते, हे पुस्तकात वाचलेलं. पण किती म्हणजे जोर, हे पुस्तक कसं सांगणार? सळई जराशी अडली, मॅडमनी माझं मनगट किंचित खाली केलं, आणि ती आत गेली. मग टॅन्डम म्हणजे गर्भाशयात जाणारी नळी, दोन्ही बाजूंना ओव्हॉइड म्हणजे योनीत बसणारे गोलसर भाग, आणि त्यानंतर बेटाडीनमध्ये भिजवलेलं गॉज पुढं-मागं घट्ट भरायचं. या गॉज भरण्याला बघणारा फारसं महत्त्व देत नाही. खरं तर मूत्राशय आणि गुदाशय सोर्सपासून लांब ढकलण्याचं काम तेच करतं. सोर्सपासूनचं अंतर निम्मं झालं की डोस जवळजवळ चौपट होतो. गॉज सैल राहिलं तर त्या बाईला वर्ष-दोन वर्षांनी संडासवाटे रक्त जायला लागतं. माझं पहिलं पॅकिंग मॅडमनी काढून पुन्हा भरायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा. पेशंटच्या जिवाची एवढी काळजी आणि शिकणारीवर एवढा वेळ, दोन्ही एकाच वेळी मी तिथं पाहिलं.

मराठवाड्यात हे कौशल्य किती लागतं, ते इथं काम करणाऱ्यालाच कळतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आमच्या मातीचं नाव जगभर गेलेलं आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांवर तपासणीची मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरियल, शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेली. 2009 साली निकाल आले: आयुष्यात एकदा केलेल्या, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. बार्शीची कॅन्सर नोंदणी तर 1987 पासूनची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यातल्या बायकांनी विज्ञानाला एवढं दिलं. त्यांच्या लेकी-सुनांना गाठ झाली तर ॲप्लिकेटर नीट बसवणारा हात जवळपास मिळावा, एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो.

शिवाय इथल्या पेशंट पुस्तकातल्यासारख्या नसतात. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तरुण वयात काढल्या जातात, यावर 2019 मध्ये राज्यभर आवाज उठला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. आमच्याकडं त्याचा एक वेगळा पदर दिसतो. अंगावरून जातंय म्हणून पिशवी काढली, आधी तपासणीच नाही, आणि काढलेल्या पिशवीच्या रिपोर्टात कॅन्सर निघाला. आता टॅन्डम घालायला गर्भाशयच उरलेलं नाही. आजार योनीच्या वरच्या टोकाला आणि बाजूला राहिलेला. अशा वेळी नेहमीचा ॲप्लिकेटर चालत नाही, कधी कधी साच्यातून सुया घालून इंटरस्टिशियल ब्रॅकी करावी लागते. ती तीन वर्षांत पाहिलेलीसुद्धा नसेल तर नवा डॉक्टर बाहेरूनच जास्तीचा शेक देऊन मोकळा होतो. त्याला दोष देऊन काय उपयोग, त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

तसंच उपचारात पडणाऱ्या खंडाचं. दिवाळीनंतर टोळी निघाली की चालू शेक सोडून बाई कारखान्यावर जाते. "मॅडम, उचल घेतलीया, मुकादम सोडत न्हाई. पंधरा दिसांनी येते." या कॅन्सरचा बाहेरचा शेक आणि ब्रॅकी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपायला हवा. दिवस वाढतात तशी गाठ हाताबाहेर जाते. सुटलेले दिवस कसे भरून काढायचे, दिवसातून दोनदा शेक देता येईल का, ब्रॅकी अलीकडं ओढता येईल का, याचं गणित रेडिओबायोलॉजीत आहे. परीक्षेत ते आम्ही सूत्रासकट लिहून आलो. समोर बाई बसलेली असताना ते सोडवायचा सराव किती जणांना मिळतो? मला वाटतं, मराठवाड्यातल्या रेसिडेंटनं दर हंगामात असे पेशंट फिजिसिस्टबरोबर बसून सोडवले पाहिजेत, आणि मुकादमाला फोनही त्यानंच केला पाहिजे.

आता एमडीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. आमच्या शाखेतली बरीच पोरं कुरकुर करतात, की जिल्हा रुग्णालयात मशीनच नाही, तिथं आम्ही काय करायचं? मी त्यांच्या बाजूची नाही. हिंगोली किंवा जालन्याच्या ओपीडीत बसून तोंडात पांढरे चट्टे असलेली माणसं शोध, अर्धवट शेक सोडून गेलेल्यांची यादी काढ, हाडात पसरलेल्या आजाराच्या वेदनेला मॉर्फिन नीट सुरू कर. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर झालंय. तिथं कुणी तरी जाणतं माणूस लागणारच आहे. फक्त हे तीन महिने 'पाठवून दिलं' अशा पद्धतीनं जाऊ नयेत, त्यांच्यावर विभागातल्या एखाद्या शिक्षकाचं लक्ष हवं.

संभाजीनगरला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. सगळ्या मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून तिथं पेशंट येतात. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठं भांडवल नाही. पूर्वी नांदेड-लातूरची माणसं रिपोर्टची पिशवी काखेत मारून रात्रीच्या गाडीनं मुंबईत परळच्या टाटाला जायची, अजूनही जातात, पण आता जवळ उपचार मिळू शकतो. मशीन वाढतायत ही आनंदाची गोष्ट. पण मशीन खरेदी करताना निविदा निघते, छाननी होते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मिळाल्याशिवाय ते सुरू करता येत नाही, एकेका किरणाची मोजदाद फिजिसिस्टला करून दाखवावी लागते. ज्या डॉक्टरच्या रेघेवर ते चालणार, त्याच्या हाताची अशी मोजदाद कोण करतं?

लातूरला मी जिथं काम करते तिथं नवीन एमडी झालेली मुलं-मुली येतात. हुशार असतात, नवे पेपर तोंडपाठ असतात. कुणी मेंदूचं कॉन्टूर माझ्यापेक्षा चांगलं काढतं, कुणी ब्रॅकीच्या टेबलासमोर उभं राहिलं की घामाघूम होतं. म्हणून आमच्याकडं रेडिएशन सुरू होण्याआधी प्रत्येक पेशंटचं कॉन्टूर सगळ्यांसमोर उघडलं जातं, माझंसुद्धा. फिजिसिस्टही बसतात, आणि ते फक्त डोसबद्दल बोलत नाहीत, "डॉक्टर, ही रेघ या कापावर तुटलीय का बघा" असंही सांगतात. नांदेड आणि संभाजीनगरच्या मैत्रिणींबरोबर अवघड केस आम्ही ऑनलाइन बघतो, पेशंटचं नाव काढून. वेळ जातो, प्रशासनाला तो वाया गेल्यासारखा वाटतो, आणि मी त्यावर दर वेळी भांडते. रेसिडेंटसाठी इंडियन कॉलेज ऑफ रेडिएशन ऑन्कोलॉजीचे वर्गही असतात. ज्यांच्या कॉलेजात शिकवणारे कमी आहेत, त्यांनी ते चुकवू नयेत. पण वर्गात बसून पॅकिंग येत नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या एमडीच्या परीक्षेत लेखी पेपर झाले, लाँग केस झाली, तोंडी झाली, टेबलावर मांडलेली उपकरणं ओळखायला लावली. संगणकासमोर मला कुणी बसवलं नाही. आरोग्य विद्यापीठाकडं आणि परीक्षक म्हणून जाणाऱ्या माझ्या ज्येष्ठांकडं माझं मागणं आहे की हे बदला. उमेदवारापुढं तीन सीटी ठेवा, तीन पेशंटची माहिती द्या, दोन तास द्या आणि बाहेरच्या परीक्षकाला शेजारी बसवून त्याच्याकडून कॉन्टूर काढून घ्या. ब्रॅकीचा ॲप्लिकेटर मॉडेलवर बसवून दाखवायला सांगा, गॉजसकट. लॉगबुकात 'पाहिलं', 'मदत केली' आणि 'स्वतः केलं' असे वेगळे रकाने असतील तर त्यांतला तिसरा रकाना परीक्षेच्या दिवशी मोठ्यानं वाचा. आणि तिथं सही करणाऱ्या शिक्षकानं, आपण त्या वेळी खोलीत हजर होतो की नाही, तेही सहीसमोर लिहावं.